जित्ता खुटा

उन्हाळा आला की माझं डोकं फिरतं. घरातले म्हणतात, बाबांना ऊन लागतं. सत्त्याऐंशी वर्षं याच उन्हात काढलेल्या माणसाला ऊन काय लागणार, कपाळ. परसातल्या कुंपणात सालईचं एक झाड आहे. चैत्र सरत आला की त्याची साल कागदासारखी सुटते, आतलं हिरवट अंग दिसायला लागतं, आणि दुपारच्या झळांबरोबर डिंकाचा वास थेट माझ्या खाटेपर्यंत येतो. देवघरातल्या धुपासारखा वास आहे. सुनेला आवडतो. मला तो आला की मंगरूळपीरकडच्या मालेगावच्या पलीकडची एक बरडी आठवते, पन्नासच्या दशकातला एक उन्हाळा आठवतो, आणि मग मी दिवसभर कुणाशी धड बोलत नाही.

बोललोच तर एकच वाक्य बोलतो, असं घरच्यांचं म्हणणं आहे. ‘मी लिहून दिलं होतं.’ नळाला पाणी आलं नाही, पेन्शन लांबली, नातवाला शाळेत घेतलं नाही, काहीही झालं की सून स्वयंपाकघरातून म्हणते, ‘बाबांनी लिहून दिलं होतं हो.’ आणि सगळे हसतात. हसू द्या. त्यांना त्या वाक्याचं मूळ माहीत नाही. यंदाच्या वैशाखापर्यंत मलाही नीट माहीत नव्हतं.

तेव्हा मी रिठदच्या शाळेत मास्तर होतो. वय चोवीस, लग्न व्हायचं होतं, आणि अक्षर असं की तहसिलीतले कारकून माझा कागद एकमेकांना दाखवायचे. माझ्या वहीत खाडाखोड नसे. एकदा लिहिलं ते लिहिलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस निरोप आला, की मालेगावला विद्यापीठातले डॉक्टर आलेत, त्यांना चांगल्या अक्षराचा माणूस पाहिजे. लोकांना वाटलं दवाखान्यातले डॉक्टर. पहिल्या दिवशी त्यांच्या तंबूसमोर दोन म्हाताऱ्या गुडघे धरून बसल्या होत्या. ते झाडांचे डॉक्टर निघाले. म्हाताऱ्या त्यांना शिव्या देत परत गेल्या.

प्रकरण असं होतं. एका कागद गिरणीला सालईचं लाकूड पाहिजे होतं, कारण सालईचा लगदा चांगला होतो. विद्यापीठाला संशोधन पाहिजे होतं. दोघांनी मिळून योजना काढली, की निरोगी जंगल कोणतं ते यंत्रानं मोजून ठरवायचं आणि किती तोडलं तर जंगल टिकतं याचा हिशेब मांडायचा. ऐकायला किती छान. मलाही छानच वाटलं. जंगल खात्यानं मात्र एक अट घातली होती, आणि सगळं त्या अटीवर अडलं होतं. जुन्या झाडांखाली नवी झाडं उगवत असतील, तरच जुनी तोडायची. नवी नसतील, तर बरडीला कुऱ्हाड लावायची नाही. म्हणजे त्या बरडीवरची जुनी सालई जगणार की मरणार, हे नवी रोपं किती यावर ठरणार होतं, आणि ती मोजून वहीत लिहिणारा मी.

बरडी म्हणजे आपल्याकडचा मुरमाड, दगडी उंचवटा. तिथं ज्वारी येत नाही, कापूस येत नाही. सालई येते. उन्हाळ्यात तिच्यावर एक पान नसतं. पांढरी-हिरवी, उघडीबोडकी झाडं, पायाखाली तापलेला मुरूम, आणि मधूनमधून टेंभुर्णी. दुपारी आम्ही टेंभुर्णीखाली बसायचो, कांदा फोडून भाकर खायचो आणि पडलेली टेंभरं वेचायचो. छागलीतलं पाणी कॅनव्हासच्या वासाचं, पण गार. आज फ्रिजचं पाणी पितो तेव्हा त्या पाण्याची आठवण येते, आणि सुनेला सांगायला गेलो की ती म्हणते, बाबा, पिशवीतलं पाणी कायले प्यायचे तुमी.

डॉक्टरसाहेब आठ दिवस राहिले. गिरणीचे इंजिनियरसाहेब दर सोमवारी जीपनं येत. यंत्रं त्यांची. एक पोकळ गिरमिट होतं, ते खोडात फिरवत न्यायचं आणि आतून बोटाएवढी लाकडाची कांडी काढायची. एक पेटी होती, तिच्या दोन सुया सालीत रोवल्या की काटा हलून झाडातला ओलावा सांगायचा. पहिल्याच झाडात गिरमिट अडकलं. सालईचा चीक त्याच्या पोटात भरला, वाळला, आणि ते ना आत जाईना ना बाहेर येईना. इंजिनियरसाहेब त्याला दोन्ही हातांनी लोंबकळले. पेटीच्या सुया चिकानं अशा माखल्या, की काटा एका जागी जाऊन बसला तो बसलाच. मग त्या पेटीच्या हिशेबानं बरडीवरचं प्रत्येक झाड सारखंच ओलं होतं, वाळलेलं लाकूडसुद्धा.

ते गिरमिट सुभद्रानं काढलं. सुभद्रा म्हणजे आमच्या सहा मजुरांची म्होरकी, चाळिशीची बाई, नवरा नसलेली. वर्षानुवर्षं ती त्याच बरडीवर सालईचा डिंक काढायची आणि मंगरूळपीरच्या बाजारात विकायची. तिनं कमरेची बाटली काढली, करडीचं तेल हाताला चोळलं, थोडं गिरमिटाच्या दांड्यावर सोडलं आणि दम धरून बसली. पाव तासानं एका हातानं फिरवून बाहेर काढलं.

‘साहेब, सालईले जोर नाई चालत,’ ती म्हणाली. ‘तेल लावा अन् गप बसा.’

इंजिनियरसाहेबांनी मला सांगितलं, हे लिहू नका.

आता मला संताप येतो तो याचा, की जे लिहायला पाहिजे होतं ते कुणीच लिहिलं नाही. एक दिवस झाडांना चुन्याचे पट्टे मारत होतो. एका डेरेदार झाडापाशी सुभद्रा थांबली, नखानं सालीचा पापुद्रा काढला, आत पाहिलं आणि पुढं गेली. मी विचारलं, याला काय झालं.

‘मांगच्या साली यानं लय डिंक देल्ला. औंदा याले हात नाई लावाचा.’

‘किती वर्षं?’

‘दोन. तिसऱ्या साली पाह्याचं. मनानं देते का नाई ते.’

अख्ख्या बरडीवरचं कोणतं झाड थकलेलं, कोणतं विसाव्याला ठेवलेलं, कोणतं तिनं पुढच्या वर्षी टोचायचं ठरवलेलं, सगळं त्या बाईच्या डोक्यात होतं. निरोगी जंगल कसं ओळखायचं यासाठी दोन संस्थांनी मिळून योजना काढली होती, आणि ओळखणारी बाई त्यांच्यासाठी पाण्याच्या घागरी वाहत होती. हे मला तेव्हा दिसलं का? दिसलं. पण माझ्या तक्त्यात त्याचा रकाना नव्हता, आणि मी रकान्याबाहेर लिहिणारा माणूस नव्हतो.

खुटे ठोकायचं काम चैत्रातच झालं होतं. बरडीवर चौकोन आखायचे होते. प्रत्येक चौकोनाच्या चारी बाजूंनी आणि मधून दोन आडव्या-उभ्या ओळींत खुटे, ठरावीक अंतरावर, म्हणजे मोजताना चूक नको. इंजिनियरसाहेबांनी बजावलं, खुटे वर्षभर टिकले पाहिजेत. त्यांवर ठोकायला नंबरांचे पत्रे गिरणीतून येणार होते. ते पत्रे अजून यायचे आहेत. सागाचे खुटे करायला खात्याची परवानगी लागत होती, आणि बाभळीच्या वाळल्या खुट्याला त्या मुरमात आठवड्यात उधई, म्हणजे वाळवी लागते. सुभद्रानं मजुरांना सालईच्या मनगटाएवढ्या ओल्या फांद्या तोडायला लावल्या आणि ठोकल्या. आपल्याकडं कुंपण असंच करतात. माझ्या परसातलं झाडही कधीकाळी कुंपणाचा खुटाच होतं.

‘मेला खुटा उधईचा, जित्ता खुटा मातीचा,’ ती मला म्हणाली होती. ‘याले काई होत नाई, मास्तर. वर्सभर काय, तुमी म्हातारे होईस्तोर राह्यते.’

मी हसलो होतो. खुट्यांच्या डोक्यांना चुना लावला आणि वहीत लिहिलं, ‘खुटे ठोकण्याचे काम पूर्ण.’ कशाचे खुटे, ते लिहिलं नाही. कोण विचारणार होतं?

वैशाखाच्या शेवटी त्या खुट्यांना पालवी फुटली. आभाळात ढगाचा ठिपका नाही, भोवतालची मोठी झाडं अजून उघडी, आणि आमचे खुटे डोक्यावर चुन्याची टोपी घालून हिरवे व्हायला लागले. मजूर हसून लोटपोट. इंजिनियरसाहेबांनी पाहिलं तर काय म्हणतील, म्हणून मी दोन-चार खुट्यांची पालवी खुडलीसुद्धा. मास्तरकीची सवय, दुसरं काय. सुभद्रानं हात धरला. ‘काहून खुडून राह्यले? त्याचा काय गुन्हा?’

मग शाळा सुरू झाली. डॉक्टरसाहेब आठ दिवसांनी विद्यापीठात परत गेले होते ते पुन्हा आले नाहीत. त्यांच्या जागी एक छापील फॉर्मांचा गठ्ठा आला. श्रावणात शेवटची मोजणी करायची, चौकोनातली नवी झाडं लिहायची. नवं झाड कशाला म्हणायचं तेही छापलं होतं. कमरेइतकं किंवा कमी उंच, जिवंत पाला असलेलं, जमिनीत मूळ धरलेलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्याखाली बारीक अक्षरात सूचना होती, की हा रकाना कोरा ठेवू नये.

रविवारी सायकल मारत मालेगावमार्गे बरडीवर गेलो. सुभद्रा वाट पाहत उभी होती. पावसानं चुना धुऊन गेला होता, आणि प्रत्येक चौकोनाच्या कडेनं कमरेइतकी सालई दाट पाल्यानं उभी होती. एक खुटा मी धरून ओढला. हलला नाही. मूळ धरलं होतं. चौकोनांच्या आत, मोठ्या झाडांखाली, बियातून आलेलं एकही रोप नव्हतं. गुरं फिरायची, दर उन्हाळ्यात वणवा लागायचा, कुठून येणार? छापील व्याख्येप्रमाणं मोजलं तर बरडी नव्या झाडांनी भरली होती. खरं मोजलं तर शून्य.

मी व्याख्येप्रमाणं मोजलं. नियम म्हणजे नियम. सुभद्रा माझ्या मागून चालत होती. चौथ्या चौकोनात ती थांबली.

‘मास्तर, हे कायले मोजून राह्यले? हे आपले खुटे होय.’

‘फॉर्मात तसंच आहे. खाली शेरा असतो, त्यात लिहिता येतं.’

‘मंग लिहा बरं. नवं नाई तं जुनं वाचते म्हने. तुमीच सांगतलं होतं.’

‘लिहितो.’

‘नक्की?’

‘अहो लिहितो म्हटलं ना.’

मी चिडूनच म्हटलं. भूक लागली होती, परत जायचं होतं, आणि मास्तरानं काय लिहावं हे मजूर बाईनं सांगावं, याचाही राग आलाच होता. खोटं कशाला बोलू.

त्या हिवाळ्यात बरडी तोडली. विद्यापीठाचा अहवाल गेला, की नवी वाढ समाधानकारक आहे. खात्यानं परवानगी दिली. महिनाभर कुऱ्हाडी चालल्या, ट्रक मालेगावच्या रस्त्यानं जात राहिले, आणि त्या रस्त्याला धुपाचा वास येत राहिला. सुभद्रा रिठदला शाळेत आली. मुलं पाढे म्हणत होती. ती दारात उभी राहिली, आत आली नाही.

‘मास्तर, तुमी लिहिलं होतं ना?’

‘मी लिहून दिलं होतं,’ मी म्हणालो. ‘पण ते लोक वाचतात कुठं.’

तिनं माझ्याकडं पाहिलं, मान हलवली. ‘मंग तुमचा काय इलाज,’ म्हणाली आणि गेली. पुढं कुणीतरी सांगितलं की ती खानदेशाकडं ऊस तोडायला गेली. पुन्हा दिसली नाही.

तेव्हापासून मी साहेब लोकांवर चिडतो आहे. संशोधनावर चिडतो, गिरण्यांवर, यंत्रांवर, छापील फॉर्मांवर. वर्तमानपत्रात अमुक विद्यापीठ आणि तमुक कंपनीचा करार झाल्याची बातमी आली की पेपर फेकतो. शाळेत असताना कुणी मुलगा म्हणाला की गुरुजी, अहवालात असं आहे, तर मी त्याला ही गोष्ट सांगायचो. अहवालात काहीही असतं बाळा, मी लिहून दिलं होतं. हजार वेळा सांगितली असेल. सांगताना मला माझी वही दिसायची, तो रकाना दिसायचा, आणि त्यात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं वाक्यसुद्धा दिसायचं. ‘वरील झाडे ही आखणीसाठी ठोकलेले सालईचे खुटे आहेत.’ शपथेवर सांगितलं असतं.

यंदा वैशाखात दोघं घरी आले. एक तरुणी, विद्यापीठात संशोधन करणारी, आणि तिच्याबरोबर कुठल्याशा कंपनीचा माणूस, बॅगेत उडणारा कॅमेरा घेऊन. पुन्हा तीच जोडी. पुन्हा तोच विषय, जंगल निरोगी आहे का ते यंत्रानं ओळखायचं. मी मनात म्हटलं, आली साडेसाती. सुनेनं त्यांना पन्हं दिलं. मुलीनं वरून काढलेला फोटो माझ्यापुढं धरला. आमची बरडी. सगळी भुंडी, मुरूम नुसता. आणि त्या मुरमावर हिरव्या रेघांचे चौकोन. सरळ, एकसारख्या अंतराचे, एकाला एक लागून.

‘काका, एवढ्या बरडीवर एवढीच झाडं आहेत. हे कुणी लावलं असेल? आम्ही जुने कागद शोधले, तर तुमचं नाव सापडलं.’

तिनं झेरॉक्स काढून दिली. माझं अक्षर मी लांबून ओळखलं. काय देखणं अक्षर होतं. चष्मा पुसला आणि थेट शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं, तिला दाखवायला, की बघ, मी लिहून दिलं होतं.

रकान्यात लिहिलं होतं, ‘निरंक.’

पुढच्या पानावर निरंक. त्याच्या पुढच्या पानावर निरंक. सगळ्या पानांवर एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेलं, एकाखाली एक, फूटपट्टी लावल्यासारखं.

मग आठवलं. आठवलं म्हणजे काय, गोमेसारखं कानात शिरलं. फॉर्मांचा गठ्ठा आला त्याच आठवड्यात मी शाळेत बसून ते सगळे रकाने भरून टाकले होते. कोरा ठेवू नये म्हटलंय ना, मग आधीच निरंक लिहून मोकळं व्हावं. हजेरीच्या वहीतले बारीकसारीक रकाने मी असेच आगाऊ भरायचो. रविवारी बरडीवरून परत आलो तेव्हा शेरा लिहायला जागाच नव्हती. लिहायचं तर निरंकवर रेघ मारावी लागली असती. प्रत्येक पानावर खाडाखोड. माझ्या वहीत खाडाखोड. मी उद्या बघू म्हटलं असेल. मग सोमवारच्या गाडीनं गठ्ठा पाठवून दिला.

कोणी वाचलं नाही म्हणून साठ वर्षं बोंबलत होतो. वाचलं होतं की त्यांनी. जे लिहिलं तेच वाचलं.

‘काका, बरं वाटत नाही का?’ मुलगी म्हणाली.

मी म्हटलं, पेन दे. झेरॉक्सवरच्या पहिल्या निरंकवर रेघ मारली. रेघ वाकडी गेली. शेजारी लिहिलं, ‘हे खुटे आहेत. सुभद्रानं ठोकले.’ अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलं. मग तिला सगळं सांगितलं, गिरमिटापासून ट्रकांपर्यंत. कंपनीच्या माणसानं मोबाईलमध्ये फॉर्म उघडला होता. त्यात दोनच पर्याय होते, नैसर्गिक किंवा लागवड.

‘शेऱ्याचा रकाना आहे का?’ मी विचारलं.

‘आहे, पण तो कंपल्सरी नाही.’

‘भर,’ मी म्हटलं. आवाज इतका चढला की सून बाहेर आली.

मुलीनं त्याच्या हातून मोबाईल घेतला. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. खुटे ओल्या सालईचे. उधई लागू नये म्हणून. नवी वाढ म्हणून चुकून मोजले, मोजणारा मी. इथं ती थांबली, माझ्याकडं पाहिलं, आणि तेही घातलं. मग म्हणाली, ‘काका, लागवड करणाऱ्याचं पूर्ण नाव टाकावं लागतं. ते कंपल्सरी आहे. सुभद्राबाईंचं आडनाव काय?’

हजेरीची वही मीच लिहायचो. रोज सकाळी सहा नावं. सुभद्रा, मजूर. एवढंच लिहिलेलं आठवतं. गाव विचारलं नव्हतं, आडनाव विचारलं नव्हतं.

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी परसात पाहिलं. सालईचा वास येत होता. मुलगी मोबाईल धरून थांबली होती.

‘काका,’ ती म्हणाली, ‘मग तिथं काय लिहू?’